जुन्या वेलींची रेड वाइन मराठवाड्याच्या हवेत कशी चाखावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही नांदेडला राहता. भावानं दुबईहून स्पेनमधली गार्नाचा द्राक्षाची रेड वाइन आणली आहे. बाटलीवर ‘ओल्ड व्हाइन्स’ लिहिलंय, साल २०२१, अल्कोहोल १४.५ टक्के. अशीच एक बाटली मागच्या मे महिन्यात घरी उघडली, तर ती घसा जाळत गेली, कडवट लागली आणि तिच्यात विशेष काय ते कुणालाच कळलं नाही. आता ही दुसरी आणखी आठ-दहा वर्षं ठेवावी का, प्यायची तर कशी, आणि मटणासोबत चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा धाराशिव जिल्ह्यातला. घरची द्राक्षबाग होती, आणि पुढं वाइनरीत टाक्यांमधल्या, पिंपांमधल्या वाइनची चव घेऊन ती कुठं चाललीय हे ठरवण्याचं काम करत आलो. त्यामुळं वेलीकडून आणि ग्लासकडून अशा दोन्ही बाजूंनी सांगतो.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण खरी अडचण मला वेगळी दिसते. मे महिन्यात नांदेडच्या घरात कपाटातली बाटली ३५ अंशांच्या आसपास असते. त्या तापमानाला १४.५ टक्क्यांची कुठलीही वाइन घसा जाळणारच. नाकाशी ग्लास नेला की आधी अल्कोहोल येतं आणि फळाचा वास त्याच्याखाली दबून जातो. तेव्हा पहिल्या बाटलीत खोट असेलच असं नाही. तुम्हाला ती वाइन भेटलीच नाही, भेटली ती तिची उष्णता. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड, दगडी घरांतून आला. तिथं खोलीचं तापमान म्हणजे १६ ते १८ अंश. आपल्याकडं तेवढं तापमान फक्त डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मिळतं.

अर्थात मी ती बाटली पाहिलेली नाही. प्रवासात ती कशी आली, गाडीच्या डिकीत उन्हात किती तास राहिली, यावर बरंच अवलंबून आहे. आताची बाटली उघडण्याआधी तिचं बूच बघा. ते बाटलीच्या काठाच्या वर सरकलेलं असेल, किंवा वरच्या आवरणाखाली चिकट ओघळ असेल, तर ती तापलेली आहे. अशा वाइनला ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मनुकांसारखा जड वास येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर तो बुचाचा दोष असतो. या दोन्हींवर उपाय नाही. बाकी सगळ्यावर आहे.

आता ‘ओल्ड व्हाइन्स’बद्दल, कारण ठेवावी की प्यावी याचं उत्तर इथंच आहे. यात जुनी आहे ती वेल, वाइन नव्हे. २०२१ च्या हंगामात तोडलेल्या द्राक्षांची ही तरुण वाइन आहे, ती फक्त म्हाताऱ्या वेलींच्या द्राक्षांपासून झाली आहे. ‘जुनी’ म्हणजे नेमकी किती, याला बहुतेक देशांत कायद्याचं बंधन नव्हतं आणि आजही फारसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यानं २००९ मध्ये स्वतःपुरती पायरी ठरवली: ३५ वर्षांवरची जुनी, आणि मग ७०, १०० आणि १२५ वर्षांवरच्या वेलींना वेगवेगळी नावं. दक्षिण आफ्रिकेत ३५ वर्षांवरच्या प्रमाणित बागांच्या बाटलीवर लागवडीचं साल छापलेली मोहोर लावतात. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेनं २०२४ मध्ये ३५ वर्षं हाच आकडा धरला, आणि बागेतल्या किमान ८५ टक्के वेली तेवढ्या वयाच्या असतील तरच त्या बागेला जुनी म्हणावं असं सुचवलं. ही शिफारस आहे. तुमच्या बाटलीवरचे शब्द उत्पादकाच्या सचोटीवर उभे आहेत. लेबलच्या मागच्या बाजूला लागवडीचं साल किंवा बागेचं नाव दिलं असेल, तर माझा विश्वास वाढतो.

मग वेल जुनी असल्यानं होतं काय? जो माणूस बागेत वाढला त्याला हे पटकन कळेल. आपल्याकडं नव्या बागेला तिसऱ्या-चौथ्या वर्षी घड इतके लागतात की विरळणी केल्याशिवाय मण्यांत साखर उतरत नाही. वेलीच्या अंगात जोर असतो, आणि तो ती पानं-फांद्यांवर आणि घडांच्या संख्येवर उधळते. वय वाढतं तसा हा जोर ओसरतो. घड कमी लागतात, बऱ्याचदा मणी लहान राहतात. लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त, आणि रेड वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीतूनच येतो. जाड खोडात आणि मुळांत अन्नाचा साठा असतो, म्हणून एखादा हंगाम कोरडा गेला तरी वेल लगेच हबकत नाही. मुळंही खोल गेलेली असतात, अर्थात खाली जमीन तशी असेल तर.

मुळांचं महत्त्व मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात कितीतरी बागा टँकरवर जगल्या आणि कितीतरी तुटल्या. ठिबकवर वाढलेल्या वेलीची मुळं नळीच्या आसपास वरच्या थरातच घुटमळतात आणि पाणी थांबलं की वेल लवकर मान टाकते. मुरमातून भेगा शोधत खाली उतरलेल्या वेलीला वरचं पाणी तुटल्याचं इतक्या लवकर कळत नाही. स्पेनच्या आरागॉन भागात, जिथून गार्नाचाच्या पुष्कळ बाटल्या येतात, पाऊस मराठवाड्यापेक्षाही कमी पडतो. तिथल्या जुन्या वेली मांडवावर नसतात. बुटक्या, झुडपासारख्या, एकमेकींपासून लांब लावलेल्या असतात, आणि पुष्कळशा पावसाच्या पाण्यावरच जगतात. त्या जगल्या म्हणून जुन्या झाल्या.

पण इथं एक सावधगिरीची गोष्ट आहे आणि ती या धंद्यातली माणसं फार बोलत नाहीत. जी बाग पन्नास वर्षं टिकली ती बहुधा मुळातच चांगल्या जागी होती. वाईट जमिनीतली, पडेल भावाची बाग मालकानं केव्हाच उपटून टाकली असणार. त्यामुळं जुन्या वेलीच्या वाइनमधला चांगुलपणा किती वयाचा आणि किती जमिनीचा, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय म्हाताऱ्या वेलीची द्राक्षं घेऊन निष्काळजीपणे केलेली वाइनही मी चाखली आहे. ती साधीच होती. वेलीचं वय ही संधी आहे, हमी नाही.

आपल्याकडं अशी वाइन जवळजवळ मिळत नाही, त्याचंही कारण सांगून टाकतो. आपल्या हवेत वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशी वर्षात दोनदा तिला कात्री लागते आणि ती बारमाही राबते. थकते लवकर. उत्पन्न उतरलं की शेतकरी बाग काढतो, आणि कर्ज डोक्यावर असताना त्यानं दुसरं काय करावं? वाइनच्या जातींची लागवड तर महाराष्ट्रात मुख्यतः २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर वाढली. म्हणजे इथल्या बहुतेक बागांची अजून पंचविशीही उलटलेली नाही.

आता ग्लासात काय शोधायचं ते. लोक जुन्या वेलीचं नाव ऐकून नाकात काहीतरी प्रचंड येईल अशी वाट बघतात. तसं बहुधा होत नाही. तरुण वेलीची गार्नाचा उलट जास्त बोलकी असू शकते: पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा, गोळीसारखा उघड वास. माझ्या अनुभवात जुन्या वेलीचा फरक तोंडाच्या मधल्या भागात कळतो. साधी रेड वाइन जिभेच्या टोकाला गोडसर फळ देते, मग मध्येच एक पोकळी येते आणि शेवटी तुरटपणा हिरड्यांना धरतो. चांगल्या जुन्या वेलीच्या वाइनमध्ये ती पोकळी भरलेली असते. घोट जिभेवर पसरतो, वजन जाणवतं पण जडपणा नाही, आणि गिळल्यावर चव तुटत नाही, हळूहळू उतरते. म्हणून घोट घेतल्यावर लगेच गिळू नका. तोंडात चार-पाच सेकंद फिरवा, गिळा, आणि मग मनात आकडे मोजा. पाच-सहाला चव संपली तर वाइन साधी. पंधराच्या पुढं जात असेल आणि शेवटी कडूपणाऐवजी फळ किंवा मसाला उरत असेल, तर तुम्हाला हवं ते सापडलं.

रंगावर जाऊ नका. गार्नाचाची साल पातळ असते, रंग पुष्कळदा फिकट माणकासारखा येतो. गडद म्हणजे भारी, हा समज या द्राक्षाला लागू पडत नाही. वासात लाल फळं, पांढरी मिरी, सुकलेल्या पाल्यासारखं काहीतरी, कधी संत्र्याच्या सालीची झाक मिळेल. तुम्हाला दगडफूल आठवलं तर तेच खरं माना. परदेशी पुस्तकातल्या फळांची यादी पाठ करण्यापेक्षा आपल्या मसाल्याच्या डब्यातले वास जास्त कामाला येतात.

तापमान कसं आणायचं? बाटली आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, हिवाळ्यात तास-सव्वा तास. वीज गेली असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून वीस मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा बर्फ-पाणी लवकर गार करतं. थर्मामीटर नसला तर हातानं अंदाज घ्या: बाटली माठातल्या पाण्यापेक्षा थोडी अधिक गार लागली पाहिजे, म्हणजे १५-१६ अंशांच्या आसपास. त्याहून फार थंड नको. फ्रीजमधून काढल्या काढल्या वाढलेल्या आमरसाला जसा आंब्याचा वास कमी येतो तसंच हिचं होतं, आणि थंडीत तुरटपणा आणि कडूपणा वाढून जाणवतो. ग्लासात एका वेळी थोडीच घ्या, फार तर तिसरा हिस्सा. आपल्या हवेत पंधरा मिनिटांत ती परत तापते. मधल्या वेळात बाटली फ्रीजच्या दारात ठेवा. बर्फाचा खडा, सोडा किंवा कोला मात्र या बाटलीत घालू नका. भावानं इतक्या लांबून आणलेली वाइन आहे, तिला तिच्या रूपात एकदा तरी भेटा.

ग्लास पातळ काठाचा, पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असावा. खास वाइनचा नसेल तरी चालेल, पण काचेचाच हवा. आणि वापरण्याआधी त्याचा वास घ्या. भांडी घासायच्या साबणाचा किंवा डांबरगोळ्यांच्या कपाटाचा वास ग्लासात राहिला, तर तोच वाइनमध्ये येतो आणि दोष वाइनला लागतो. गरम पाण्यानं विसळून उलटा निथळू द्या, पुसायला वापरातलं फडकं नको. त्या खोलीत उदबत्ती, मोगऱ्याचा गजरा, अत्तर, फोडणी यांपैकी काही नसावं. जेवणघरातून अंगणात किंवा गच्चीवर गेलात तर उत्तम.

काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवावी का? तरुण गार्नाचाला हवा पटकन लागते आणि जास्त लागली तर ती लवकर कोमेजते, म्हणून मी ओतत नाही. उघडतो, एक छोटा घोट चाखतो, वीस मिनिटांनी परत चाखतो. तेवढ्यात वास मोकळा होतो, आणि तो बदल होताना बघणं हा माझ्यासाठी या वाइनचा सगळ्यांत मोठा आनंद आहे.

मटण चालेल का? चालेल, पण कुठलं ते महत्त्वाचं. तिखट आणि अल्कोहोल ही दोन्ही तोंडातल्या उष्णता जाणणाऱ्या एकाच यंत्रणेला चेतवतात, म्हणून १४.५ टक्क्यांच्या वाइनवर झणझणीत रस्सा किंवा ठेचा आला की दोन्हींची आग एकमेकींवर चढते. मागच्या मे महिन्यात ताटात काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिखट रस्सा असेल तर निम्मा दोष त्याचाही. काळ्या मसाल्याला माझी हरकत नाही. भाजलेलं खोबरं, दगडफूल, मिरी, लवंग यांची आणि गार्नाचाची चांगली गट्टी जमते. फक्त त्या दिवशी मिरची निम्मी करा आणि रश्श्याऐवजी सुकं मटण करा. मांसातली प्रथिनं आणि चरबी तुरटपणा ओढून घेतात, त्यामुळं वाइन मऊ लागते. माझी पहिली पसंती विचाराल तर छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया, म्हणजे नानसोबत खायचं मसाल्याचं मटण. त्यात स्निग्धता भरपूर, मसाला खोल, आणि तिखट बेतात घालता येतं. या वाइनसाठी मला मराठवाड्यात याहून चांगला पदार्थ सापडलेला नाही.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर दाण्या-तिळाच्या कुटाचं भरलं वांगं करा, त्यात चिंच-गूळ हात राखून घाला. गोड पदार्थासोबत कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन आंबट आणि रिकामी लागते, चिंचेसोबत ती पुळचट लागते. ज्वारीची भाकरी आणि खारे शेंगदाणे दोन्ही चालतात, कारण मीठ कडूपणा दाबतं. आणि जानेवारीत शेतावर हुरड्याला जाणार असाल तर बाटली तेव्हासाठीच राखा. निखाऱ्यावर भाजलेल्या कणसाचा धुरकट गोडवा, थोडी शेंगदाण्याची चटणी आणि रानातली थंडी, तिथं तापमानाचा प्रश्नच उरत नाही. फक्त परत गाडी चालवणारा माणूस पिणारा नसावा, एवढं आधी ठरवा. साडेचौदा टक्के अंगात हळू चढतात.

फरक खरोखर कळावा असं वाटत असेल तर शेजारी दुसरा ग्लास ठेवा. गार्नाचाच मिळाली तर सोनं, नाहीतर महाराष्ट्रातली एखादी मध्यम किमतीची शिराझ चालेल. द्राक्ष वेगळं असल्यानं तुलना पूर्ण न्यायाची होणार नाही, तरी मधली पोकळी आणि शेवटची लांबी कळायला पुरते. दोन्ही सारख्याच गार करा, बाटल्या कागदात गुंडाळा आणि कुणाला तरी ओतायला सांगा. पहिले दोन-तीन घोट जेवणाआधी, उपाशी तोंडानं नव्हे पण साध्या भाकरीच्या तुकड्यानंतर घ्या. तिखट पोटात गेल्यावर जीभ बारकावे सांगत नाही. एका बाटलीत साधारण सहा ग्लास होतात. चौघांत दोन बाटल्या संपवायची गरज नाही, उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी परत चाखा. साधी वाइन एका रात्रीत बसून जाते. भरीव वाइन पुष्कळदा दुसऱ्या दिवशीही उभी असते, आणि माझ्या मते हीच तिची चांगली परीक्षा.

राहिला ठेवण्याचा प्रश्न. ठेवू नका. गार्नाचाची तरुण फळ-चव हाच तिचा गाभा आहे, आणि दहा वर्षं टिकायला १२-१४ अंशांची, अंधारी, न हलणारी जागा लागते. मराठवाड्याच्या घरात अशी जागा फ्रीज सोडून नाही. पलंगाखाली किंवा माळ्यावर काढलेला एक उन्हाळाही तिला म्हातारी करतो. चांगल्या थंडीपर्यंत थांबायचं असेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, कमीत कमी थंड भागात, आडवी ठेवा. काही महिने ती तिथं सुखरूप राहील. वर्षाच्या पुढं नेऊ नका.

पुढच्या वेळी भाऊ येणार असेल तर त्याला सांगा, ‘ओल्ड व्हाइन्स’ या शब्दांपेक्षा मागच्या लेबलवरचं लागवडीचं साल शोध. दक्षिण आफ्रिकेची साल छापलेली मोहोर असलेली बाटली मिळाली तर ती घे. चिलीतल्या माउले भागाची जुन्या वेलींची कारिन्यान दिसली तर तीही घे. हे द्राक्ष तरुण वेलीवर भरमसाट येतं आणि सपक लागतं, म्हणून वयाचा फरक त्यात सगळ्यांत उघड दिसतो. ती गार्नाचापेक्षा आंबट आणि तुरट असते, तेव्हा तिच्या दिवशी मटण चरबीचं आणा. आणि येताना बाटली गाडीच्या डिकीत नको, आत पायाशी ठेव म्हणावं.